मरीन परेडचे मतदार

डॉक्टर भांडखोर होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्यांचे गुण गायला लागले की कुणाला वाटायचं, गेलेल्या माणसाबद्दल ही बाई चांगलंच बोलणार. ते सकाळी भांडत, संध्याकाळी भांडत, आणि दुपारची झोप झाली की सकाळचं भांडण कुठे थांबलं होतं ते आठवून तिथून पुढे चालू करत. विषय बहुतेक एकच, विलायतेचं राजकारण. सिंगापुरात, मरीन परेडच्या चौदाव्या मजल्यावर, खिडकीतून नांगरलेली जहाजं दिसतात अशा जागी बसून हा मूळचा कराडचा माणूस इंग्लंडातल्या कुठल्याशा गावाचा प्रसूतिविभाग बंद केला म्हणून भरल्या ताटावरून उठायचा. अशा माणसाच्या घरात मी चार वर्षं भाड्याने राहिले. त्या भांडणांचे माझ्यावर एवढे उपकार आहेत की फेडायचे म्हटले तरी सुरुवात कुठून करावी कळत नाही, म्हणून निदान सांगून तरी ठेवते.

मी तेव्हा चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते. खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालक पगार विचारेल, नोकरीचा पास कुठला आहे विचारेल, स्वयंपाकाला वास फार येईल का विचारेल, अशी उत्तरं तयार करून गेले होते. डॉक्टरांनी मला चष्म्यावरून नीट बघितलं आणि विचारलं, "दवाखाना सरकारने चालवावा की शेटजीने?"

मी ऑफिसातून थेट आले होते, पायांत गोळे आले होते. म्हटलं, "ज्याच्याकडे नंबर लवकर लागेल त्याने."

त्यावर त्यांनी मला पाऊण तास उभं ठेवून मी किती चूक आहे ते समजावलं. शेवटी म्हणाले, "उद्या सामान आण. विचार कच्चे आहेत, पण आवाज खणखणीत आहे." माझ्या आवाजाचं या माणसाला काय करायचंय, ते मला तेव्हा कळलं नाही.

घर खरं तर आंटींचं. आंटी म्हणजे त्यांच्या पत्नी, सिंगापूरच्याच चिनी. तरुणपणी त्या नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेल्या, आणि तिथल्या एका वॉर्डात मेट्रनशी हुज्जत घालणारा एक बारकासा हिंदुस्थानी डॉक्टर त्यांनी पाहिला. "आय थॉट, दिस मॅन टॉक सो मच, मस्ट बी व्हेरी लोनली, लाह," असं त्या मला हसत सांगायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मराठीतला एकच शब्द उचलला होता, तो म्हणजे "पुरे". डॉक्टरांचा आवाज ठरावीक पट्टीच्या वर गेला की स्वयंपाकघरातून "पुरे" असं यायचं, आणि डॉक्टर वाक्य तिथेच सोडून पाणी प्यायचे.

डॉक्टर उत्तर इंग्लंडातल्या एका कोळसाखाणीच्या गावात बावीस वर्षं गावचे डॉक्टर होते. तिथल्या सरकारी मोफत आरोग्यव्यवस्थेला ते नुसतं 'सेवा' म्हणत. घरातल्या थोरल्या वहिनीबद्दल बोलावं तसं ते सेवेबद्दल बोलत. म्हणजे स्वतः वाटेल ते बोलतील, पण दुसऱ्याने एक शब्द काढलेला खपायचा नाही. मी सेवेचं कौतुक केलं की ते तिथल्या रांगा, गळकी छपरं आणि बिनडोक साहेब मोजून दाखवायचे. मी टीका केली की विचारायचे, "तुझ्या आजीला मोफत चष्मा दिला होता का कुणी?" तिथल्या पक्षांना ते नावांनी हाक मारत नसत. निवडणुकीत त्यांचे लोक छातीवर ज्या रंगाची फुलं लावतात त्यावरून लाल, निळे आणि पिवळे. तुम्ही लालांची बाजू घेतलीत की डॉक्टर निळे, तुम्ही निळे झालात की डॉक्टर पिवळे. एका घरात राहून चार वर्षं मी त्यांच्याशी भांडले, तरी ते मत कुणाला देतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आंटींनाही माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "पडद्यामागची गोष्ट आहे. बायकोलाही सांगत नाहीत."

भांडायला माणूस लागतो, आणि मी दिवसभर ऑफिसात. मग खालच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या मंडईतला, कॉफीवाला, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, टॅक्सीवाले, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या पंजाबी बाई, कुणीही चालायचं. कॉफीवाल्या अंकलशी त्यांचं रोजचं होतं. सिंगापुरात मतदान सक्तीचं आहे हे डॉक्टरांना काही केल्या पटायचं नाही. अंकल कॉफी ओतता ओतता म्हणायचे, "मस्ट व्होट, लाह. नो व्होट, नेम कट." डॉक्टर म्हणायचे, "मत न देणं हासुद्धा हक्क आहे." अंकल म्हणायचे, "युवर कंट्री सो फ्री, व्हाय यू कम हिअर?" मग दोघंही ओरडायचे, आणि आजूबाजूची गिऱ्हाइकं निवांत टोस्ट खात बसायची.

एक दिवस डॉक्टर खाली न भांडताच परत आले. आंटींना म्हणाले, कॉफीवाल्याचा आवाज तीन आठवडे बसलाय. आधी मला वाटलं, बरं झालं. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर अंकलना त्यांच्या गाड्यावरून उठवून स्वतः सरकारी पॉलिक्लिनिकमध्ये घेऊन गेले. घशात गाठ निघाली, लहान होती तेव्हाच निघाली. दोन-अडीच महिन्यांनी अंकल परत आले तेव्हा आवाज चिरका झाला होता, तरी डॉक्टर चूक आहेत एवढं सांगण्याइतका पुरेसा होता.

तेव्हा डॉक्टरांनी मला त्यांची रीत सांगितली. एरवी ते स्वतःच्या कामाबद्दल फारसं बोलत नसत. म्हणाले, "सेवेत एका पेशंटला दहा मिनिटं मिळायची. खाणीतले लोक. छाती भरून आली तरी दुखतंय म्हणून सांगणार नाहीत, बायकोने ढकलून पाठवलेले असायचे. नळी लावली की माणूस शहाण्यासारखा श्वास घेतो. भांडताना खरा श्वास घेतो. मी त्यांना सरकारबद्दल विचारायचो. चांगल्या तब्येतीचा माणूस एका दमात तीन शिव्या घालतो. शिवी अर्ध्यावर तुटली की मी छातीचा फोटो काढायला पाठवायचो."

"आणि भांडलाच नाही तर?"

"तर जास्त वेळ बसवून ठेवायचो. जो भांडायचाच थांबला, त्याला फार मोठं काहीतरी झालेलं असतं."

मी त्या रात्री अंथरुणात पडून राहायला आल्यापासूनच्या चार महिन्यांतली आमची सगळी भांडणं आठवून बघितली. त्यात किती राजकारण होतं आणि किती तपासणी होती, याचा मला काही पत्ता लागला नाही.

माझ्यावर ते एकदाच खरे चिडले. सहज बोलता बोलता त्यांनी विचारलं, आपल्याकडच्या गेल्या निवडणुकीत तू कुणाला मत दिलंस. मी म्हटलं, कुणालाच नाही. माझं नाव गावच्या यादीत, मी पुण्यात शिकायला, मग नोकरीला. मतदानाच्या सुट्टीला आम्ही मैत्रिणी सिंहगडावर जायचो. आणि वर म्हटलं, "एका मताने काय फरक पडतो, डॉक्टर?" मला वाटलं आता तासाभराची निश्चिंती. पण ते उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. दोन दिवस माझ्याशी भांडले नाहीत. आंटी मला हळूच म्हणाल्या, "व्हेन ही डोन्ट क्वॉरल, इज सिरियस, यू नो."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "मी तिकडे गेलो तेव्हा माझा पासपोर्ट हिंदुस्थानी होता. पण राष्ट्रकुलातला माणूस तिथे राहत असला की त्याला मत असतं. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचं सरकार निवडायला मी, कराडच्या शिंप्याचा पोरगा, शाळेच्या खोलीत रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे खाणीचा मोठा साहेब होता आणि मागे माझी कपडे धुणारी बाई. तिघांना एकेकच कागद मिळाला. आणि तू सिंहगडावर जाऊन पिठलं खातेस." माझे वडील आयुष्यभर निवडणुकीच्या कामाला जात आले, हे मी डॉक्टरांना अजून सांगितलंच नव्हतं.

पुढे डॉक्टर तिकडचे नागरिक झाले, तेव्हा हिंदुस्थानी पासपोर्ट गेला आणि त्याबरोबर आपल्याकडचं मतही. सिंगापुरात ते आंटींचे नवरे म्हणून राहत होते, इथे मत नव्हतं. इंग्लंडचा त्या वेळचा नियम असा, की देश सोडलेल्या नागरिकाला बाहेरून पंधरा वर्षं मत देता येतं, मग संपलं. डॉक्टरांची पंधरा वर्षं दोन हजार पाच साली भरत होती, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिथे निवडणूक लागली. "तीन देशांत मिळून माझ्याकडे एक मत उरलंय," ते म्हणाले, "आणि हे शेवटचं. यानंतर मी नुसता बडबड्या म्हातारा." त्यांनी टपालाने मत देण्याचा अर्ज रीतसर पाठवला, आणि रोज सकाळी लिफ्टने खाली जाऊन पत्रपेटी उघडून बघायला लागले.

नेमके त्याच एप्रिलमध्ये माझे वडील सिंगापूर बघायला आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. परभणीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं प्रत्येक निवडणुकीला त्यांची केंद्राध्यक्ष म्हणून नेमणूक व्हायची. बाकीचे मास्तर ती ड्युटी टाळायला आजारपणाचे दाखले आणायचे, अण्णा ताप असला तर तो लपवून जायचे. "मत आपल्याला आयतं मिळालेलं नाही, आणि कुणी मिळवून दिलं ते विसरायचं नाही," एवढंच म्हणायचे. त्यांची मुलगी मतदानाच्या दिवशी गडावर जाते, हे त्यांना मी कधी कळू दिलं नव्हतं.

दारातच अण्णांनी हात जोडून "जय भीम" म्हटलं. डॉक्टरांनीही "जय भीम, गुरुजी" म्हटलं आणि लगेच विचारलं, "दवाखाना सरकारने चालवावा की—"

"आधी पाणी द्या," अण्णा म्हणाले.

पाणी पिऊन अण्णा जे बसले ते महिनाभर उठले नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. मी त्यांच्यासाठी पक्ष्यांच्या बागेची तिकिटं काढली होती, ती फुकट गेली. तिकडच्या मतदानाची पद्धत ऐकून तर अण्णांचा जीव वरखाली व्हायला लागला.

"बोटाला शाई?"

"नाही."

"ओळखपत्र?"

"नाही. नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, कागद घ्यायचा."

"आणि शिक्का?"

"शिक्का नाही. फुली मारायची. तिथे दोरीला शिसपेन्सिल बांधलेली असते."

अण्णांनी हातातली बशी खाली ठेवली. "डॉक्टरसाहेब, शिसपेन्सिल खोडता येते."

"कोण खोडणार?"

"कोण खोडणार?" अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. "दीडशे वर्षं यांनी आपल्यावर राज्य केलं, आणि यांना पेन परवडत नाही."

रंगांचा घोळ तर न सांगितलेलाच बरा, पण सांगते. डॉक्टरांनी लाल, निळे, पिवळे अशी ओळख करून दिल्यावर अण्णांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "मग आपले निळे," म्हणाले. आमच्या घरी, वस्तीत, विहारावरच्या झेंड्यात, तोच रंग. दोन दिवस अण्णा निळ्यांच्या बाजूने असे काही लढले की डॉक्टर नाइलाजाने लाल झाले. गरिबांचा कैवार, शिक्षण, समान हक्क, सगळं अण्णांनी निळ्यांच्या पदरात घातलं. डॉक्टर मिशीत हसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, "गुरुजी, तिकडे निळा हा जमीनदारांचा आणि शेटजींचा रंग समजतात."

अण्णांनी ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "रंग निळा, आणि वागणं हे?" दुसऱ्या दिवसापासून ते निळ्यांवर तुटून पडले, आणि डॉक्टरांना पुन्हा बाजू बदलावी लागली.

एका संध्याकाळी मी भांडी लावत होते. डॉक्टर स्वयंपाकघरात आले आणि दार लोटून घेतलं. "गुरुजी आले तेव्हा एका श्वासात अख्खं भाषण करायचे," ते म्हणाले. "आता वाक्याच्या मध्ये थांबतात. थांबले की इथे चोळतात." त्यांनी स्वतःच्या छातीच्या मधोमध अंगठा ठेवला. "परवा चिडले तेव्हा जबडाही धरला. मी दोन दिवस त्यांना मुद्दाम चिडवतोय."

माझ्या हातातलं ताट मी जागेवर ठेवलं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, पित्त आहे. इथल्या खाण्याचं. जिऱ्याचं पाणी दे, बरं वाटेल. परक्या मुलखात दवाखान्याच्या नादी लागायचं नाही, परभणीला गेल्यावर दाखवीन. मी रडकुंडीला आले. डॉक्टरांनी मात्र वाद घातला नाही, सौदा केला. टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर साक्षीदाराची सही लागते. मतदाराने आपल्यासमोर सही केली असं त्याने लिहून द्यायचं. "साक्षीदार तुम्ही," डॉक्टर म्हणाले, "बदल्यात मंगळवारी हृदयाचा डॉक्टर." ही लालूच अण्णांना टाळता येणं शक्यच नव्हतं.

पाकीट आलं ते शुक्रवारी संध्याकाळी. मतदान पुढच्या गुरुवारी. साध्या टपालाने ते पोचलं नसतं. डॉक्टरांनी कुरियरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, शनिवारी बारापर्यंत आणून दिलं तर बुधवारी तिकडे पोचेल. त्यानंतर रविवार, आणि सोमवारी मे-दिनाची सुट्टी. मंगळवारी दिलं तर शुक्रवार उजाडेल. म्हणजे शनिवारी सकाळी मत द्यायचं आणि टॅक्सी करून कुरियरच्या ऑफिसात नेऊन द्यायचं, असं ठरलं. आंटी त्या दोन दिवसांत बहिणीकडे मलाक्काला गेलेल्या होत्या.

शनिवारी सकाळी अण्णा आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. जेवणाच्या टेबलावर त्यांनी टीव्हीचं रिकामं खोकं आडोशाला उभं करून मतदानकक्ष केला होता. खिडकीचा पडदा ओढला, कारण समोरच्या इमारतीतून दिसतं. मला बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं केलं. मी जाळीच्या दारातून बघत होते.

"मतदार हजर आहेत?"

"हजर," डॉक्टर म्हणाले. ते टाय बांधून आले होते.

अण्णांनी पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचलं, त्यांना पेन दिलं, पेन्सिल नाही, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डॉक्टर खोक्यामागे गेले. इतकी वर्षं घसा फोडून बोललेला माणूस तिथे फार वेळ एकटा उभा राहिला. मग कागदाची घडी झाल्याचा आवाज आला. आतलं पाकीट बंद झालं, डॉक्टरांनी सही केली, अण्णांनी साक्षीदार म्हणून सही करून खाली परभणीचा पूर्ण पत्ता लिहिला, आणि बाहेरचं पाकीट चिकटवलं. खाली टॅक्सी येऊन उभी राहिल्याचा फोन आला. अण्णा खुर्चीवरून उठले. दर निवडणुकीला संध्याकाळी ते झोनल अधिकाऱ्यांना जे सांगत आले, तेच सांगायला त्यांनी छाती पुढे काढली.

"मतदान शांततेत," ते म्हणाले, आणि पुढचं आलंच नाही.

ते खाली बसले. कपाळावर घामाचे थेंब आले होते, पंखा चालू असून. डॉक्टर एका पावलात त्यांच्यापाशी पोचले. मनगट धरलं, दोन प्रश्न विचारले, स्वतःच्या औषधांच्या डब्यातली एक गोळी त्यांना चावून खायला लावली. मग मला म्हणाले, "चप्पल घाल. खाली टॅक्सी उभी आहे, तीच घेऊ. वाट बघायची नाही." पाकीट त्यांनी शर्टाच्या खिशात घातलं.

टॅक्सीत अण्णा मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. कुरियरचं ऑफिस वाटेतच लागतं. त्याची पाटी दिसली तसं अण्णांनी डॉक्टरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गाडी थांबवा. पाच मिनिटांचं काम आहे. आधी मत."

"गुरुजी, बोलू नका."

"शेवटचं आहे तुमचं," अण्णा म्हणाले. एवढं बोलायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला.

"ती पाच मिनिटं आपल्याकडे आहेत की नाहीत, मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "डोन्ट स्टॉप." पाटी मागे गेली. डॉक्टरांनी तिकडे वळून बघितलं नाही, हे मी बघितलं.

हॉस्पिटलच्या काउंटरवर उपचाराआधी पैशांसाठी बँकेचं कार्ड मागतात, यावरून डॉक्टरांनी मला आजवर किमान पन्नास वेळा सुनावलं असेल. त्या दिवशी कुणी मागायच्या आधीच त्यांनी स्वतःचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं आणि एक अक्षर बोलले नाहीत. अण्णांना आत नेलं. साडेअकराला मी म्हटलं, "डॉक्टर, मी पटकन जाऊन देऊन येऊ का?" ते म्हणाले, "तू इथून हलायचं नाहीस. सही करायला मुलगी लागेल." दहा मिनिटांनी खरंच कागद आला. काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, अक्षरं हलत होती. डॉक्टरांनी एकेक ओळ मराठीत सांगितली, आणि मी सही केली. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा बाराला पाच कमी होते. त्यांच्या खिशातलं पाकीट घामाने ओलं होऊन वाकलं होतं.

दुपारी आतले डॉक्टर बाहेर आले. हृदयाची मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती, ती उघडली आहे म्हणाले. मंगळवारपर्यंत थांबला असतात तर सांगता येत नाही, असंही म्हणाले. मी डॉक्टरांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले, आणि मग त्या आतल्या डॉक्टरांना विचारलं, "तुमच्याकडे एका नर्सला किती पेशंट?" तिथून जे सुरू झालं ते आंटी मलाक्काहून परत येईपर्यंत.

आज मी पुण्यात असते. मतदानाला परभणीला जाते, एसटीने, दर वेळी. मी डॉक्टरांचे आभार नीट मानले असं मला वाटत नाही. मानायला गेले की ते सेवेचा विषय काढायचे. म्हणून इथे लिहिते, की त्यांच्यासारखा तोंडाळ, हट्टी आणि मायाळू माणूस मला दुसरा भेटला नाही, आणि परदेशात मला वडिलांसारखं कुणी भेटलं असेल तर ते डॉक्टर.

त्या मे महिन्यात अण्णांना हॉस्पिटलातून बुधवारी घरी सोडलं. गुरुवारी सकाळी ते सोफ्यावर उशीला टेकून बसले होते. डॉक्टर रेडिओची सुई जुळवत होते.

"आज तिकडे मतदान," अण्णा म्हणाले. "तुमचं पाकीट काल पोचलं असेल."

डॉक्टरांना हो म्हणता आलं असतं. त्यांनी रेडिओ बंद केला. "नाही पोचलं, गुरुजी. खिशातच राहिलं."

अण्णांचा चेहरा पडला. मला वाटलं, छातीत दुखलं की काय. "माझ्यापायी," ते म्हणाले. "तीस वर्षं केंद्र सांभाळलं. एक मत वाया जाऊ दिलं नाही कधी. म्हातारी माणसं खाटेवर घालून आणवली. आणि तुमचं शेवटचं मत माझ्यापायी गेलं."

"जाऊ द्या हो," डॉक्टर म्हणाले. "एका मताने काय फरक पडतो?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"खोटं बोलू नका, डॉक्टरसाहेब. तुम्हाला जमत नाही ते." अण्णा थोडे थांबले, पण दम लागला म्हणून नव्हे. "आणि माझंच चुकलं. वाया नाही गेलं ते. मला पडलंय."

डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे निवडून आलात. मग आता कामाला लागायचं. उद्यापासून रोज खाली समुद्राच्या कडेने अर्धा तास चालायचं. मीठ कमी. गोळ्या वेळेवर."

"मुदत किती?" अण्णांनी विचारलं.

"पाच वर्षं. मग पुन्हा उभं राहायचं."

अण्णांनी दोन मुदती पूर्ण केल्या. तिसरी अर्ध्यावर राहिली.